पोत्यावरचं लेबल वाचता, मग बॅटरीचा डबा डोळे झाकून का घेता?



आजची नोंद तेल्याची नाही, छाटणीची नाही, पाण्याच्या पाळीची पण नाही. बॅटरीची आहे. काही जण म्हणतील, शेतीच्या पानावर बॅटरी कशाला? तर शेवटपर्यंत वाचा, मग सांगा.

गेल्या महिन्यात चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "जुनी चार्जिंगची गाडी आहे, ॲसिडच्या बॅटऱ्या गेल्या, लिथियम टाकू का?" माझं उत्तर : टाका. जरूर टाका. पण ज्या पद्धतीने आपण आज ती घेतोय, त्या पद्धतीने घेणार असाल तर टाकू नका. बैलगाडीने मळ्यात जा, पण ती बॅटरी घरात आणू नका. हे मी रागाने लिहितोय, आणि राग मला आधी माझाच आला होता.

माझी गाडी २०१९ ची. साधी, बिननंबरची, ताशी २५ च्या आतली. ४८ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या. घर ते मळा, मळा ते डेअरी, परत घर, दिवसाला १५ किलोमीटर. नवीन होती तेव्हा एका चार्जिंगला ४५ किलोमीटर जायची. दीड वर्षात १८ वर आली. दुसरा सेट टाकला, १०,५०० रुपये गेले. तो १७ महिने चालला.

का मेला? वापराने कमी, अर्धवट चार्जिंगने जास्त. ॲसिडच्या बॅटरीचा स्वभाव असा आहे की ती रिकामी झाली की लगेच आणि पूर्ण भरावी लागते. अर्धी ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती जागा कायमची मरते. आता आपल्याकडे सलग आठ तास लाईट कुठल्या दिवशी असते? तीन तास चार्जिंग, दोन तास गुल, सकाळी आहे तशी गाडी काढायची. शहरात जी बॅटरी तीन वर्षं चालते ती गावात दीड वर्षात जाते, ती अशी. लिथियमला अर्धवट चार्जिंगचं काही दुखणं नाही. उलट तिला कायम काठोकाठ भरून ठेवणंच मानवत नाही. म्हणून मी म्हणतो, ही बॅटरी शहरापेक्षा खेड्याला जास्त सोयीची आहे. यावर माझं दुमत नाही.

दुमत विक्रीवर आहे.

शोरूमवाल्याने काय सांगितलं? "गाडी जुनी झाली, एक्स्चेंजला द्या, नवीन घ्या." का द्यायची? चाकातल्या मोटरला काही झालं नव्हतं. चेसिस ठणठणीत. कंट्रोलर चालू. ब्रेक शू आणि टायर सोडले तर या गाडीत झिजणारी वस्तू एकच, बॅटरी. ट्रॅक्टरची बॅटरी गेली म्हणून ट्रॅक्टर विकतो का आपण?

मग मी तालुक्याला एका बॅटरी बनवून देणाऱ्याकडे गेलो. त्याने काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक डबा दिला. वर स्टिकर, "लिथियम ४८ व्होल्ट ३० एएच". बस, एवढंच. मी विचारलं, चार्जर? तर म्हणाला, "दादा, जुनाच चालतो की. ४८ चा चार्जर, ४८ ची बॅटरी. डोळे झाकून न्या." बिल मागितलं तर म्हणाला, बिल घेतलं तर जीएसटी लागेल. मी पण शहाणा, पैसे वाचले म्हणून खूश. १४,००० रोख मोजले आणि डोळे झाकून आणली.

आठव्या दिवशी रात्रीची पाळी होती. पावणेदोनला उठलो, मोटर चालू करायला मळ्यात जायचं होतं. गाडी पडवीत चार्जिंगला. पडवीला लागून आईची खाट, आणि भिंतीपलीकडं कडब्याची गंज. सीटवर हात टेकला तर सीट गरम. सीट उचलली, तर डब्याला हात लावू देईना आणि नाकात जाणारा गोडसर, नेलपॉलिशसारखा वास. मेन स्विच पाडला, पिन काढली, गाडी ढकलत अंगणाच्या टोकाला नेऊन उभी केली आणि पहाटेपर्यंत लांबून बघत बसलो. मोटर त्या रात्री चालू झाली नाही. त्या रात्री थ्री फेज दिवसाची असती तर मी पावणेदोनला उठलोच नसतो. पुढचं तुम्हीच समजा.

(धूर निघत असता तर मी केलं ते अजिबात करायचं नाही. मग गाडीला हात लावायचा नाही. माणसं आणि जनावरं आधी लांब.)

दुसऱ्या दिवशी भाचा आला. आयटीआय झालेला आहे, हातात मीटर. डबा गार झाल्यावर त्याने मोजला. ५७.२ व्होल्ट. मग वरचं प्लास्टिक कापलं आणि सेल मोजले. म्हणाला, "मामा, यात तेरा आहेत सिरीजमध्ये. एनएमसी. ही बॅटरी ५४.६ ला फुल होते. तुम्ही तिला ५९ चा चार्जर लावलाय."

इथं जरा थांबा, कारण सगळी गोम या हिशोबात आहे आणि हिशोब पाचवीतल्या पोराचा आहे.

"४८ व्होल्ट" हे बॅटरीचं नाव आहे, माप नाही. ॲसिडच्या चार बॅटऱ्या पूर्ण भरायला चार्जर ५९ च्या आसपास जातो. एनएमसी जातीचा लिथियम सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. १३ सेल म्हणजे ५४.६. त्यावर ५९ चा चार्जर लावला तर एका सेलला ५९ भागिले १३, म्हणजे साडेचार व्होल्ट. ४.२ ची मर्यादा असलेल्या सेलला साडेचार! लोखंड फॉस्फेट जातीचा, म्हणजे एलएफपी सेल, ३.६५ ला भरतो. त्याचे १६ लावतात, ५८.४ होतात. तिघांचंही नाव "४८ व्होल्ट". भरायचं माप मात्र तिघांचं वेगळं.

"पण आत बीएमएस असतो ना, तो तोडतो." बरोबर. बीएमएस म्हणजे आतलं संरक्षणाचं सर्किट. एखादा सेल जास्त भरला की त्याने चार्जिंग तोडायला पाहिजे. माझ्या डब्यात बीएमएस होता. पण चार्जिंगची वायर त्याला वळसा घालून थेट सेलला जोडलेली होती. का? भाचा म्हणाला, "सारखा तोडत असणार. मग तक्रार नको म्हणून बायपास केला." म्हणजे घरात आग लागू नये म्हणून जो पहारेकरी ठेवलाय, तो सारखा ओरडतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबला. आणि बायपास नसता तरी, रोज रात्री चुकीचा चार्जर लावून त्या एका सर्किटच्या भरवशावर झोपणं याला मी वापर म्हणत नाही. मोटरला स्टार्टर आहे म्हणून आपण रोज मुद्दाम शॉर्ट करून बघतो का?

डबा परत घेऊन गेलो. तो म्हणाला, तुम्ही चार्जर चुकीचा वापरला. मी म्हणालो, तूच सांगितलास. तो म्हणाला, कुठं लिहिलंय? लिहिलं कुठंच नव्हतं. बिल नव्हतं. १४,००० गेले. चूक माझी पण होती, मान्य.

आता खरा मुद्दा.

आपण युरियाचं पोतं घेतो तेव्हा त्यावर नत्र किती टक्के हे छापलेलं असतं. १०:२६:२६ म्हटलं की कशाचे किती हे शाळेतलं पोरगं सांगतं. ते दुकानदाराच्या मनावर नाही. १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे. बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, उगवण किती, शुद्धता किती, १९६६ चा कायदा आहे. औषधाच्या बाटलीवर घटक, बॅच नंबर, मुदत आणि विषाचा रंगीत त्रिकोण असतो. उगवण झाली नाही तर तो टॅग आणि बिल घेऊन आपण तक्रार करतो. टॅग फेकला तर आपलीच माणसं आपल्याला शिव्या घालतात.

मग बॅटरीला हा न्याय का नाही? बॅटरी आता आपली निविष्ठाच आहे. मोजा तुमच्या घरात : गाडी एक, फवारणी पंप एक-दोन, झटका मशीन, सोलरचा दिवा. खताच्या पोत्याएवढीच ती घरात आली आहे. फरक एवढाच, की खत भेसळीचं निघालं तर एक हंगाम जातो. ही भेसळीची निघाली तर घर जातं.

फवारणी पंपाचं तर कुणी बोलतच नाही. पंपातली १२ व्होल्टची ॲसिड बॅटरी गेली की आठवडी बाजारात "लिथियम" टाकून मिळते. पुष्कळदा आत तीनच सेल असतात. फुल चार्ज १२.६. आणि चार्जर जुनाच, साडेचौदाच्या घरातला. भागा तीनने. एका सेलला ४.८. माझ्या गाडीपेक्षा वाईट. आणि तो पंप आपण चार्जिंगला कुठं लावतो? औषधाच्या खोलीत.

कृषी सहायक, केव्हीकेतले साहेब लोक हे पान वाचतात, म्हणून त्यांना थेट सांगतो. तुम्ही नोझल कुठलं, दाब किती, औषध एकरी किती मिली हे सांगता, चांगलं सांगता. पण पंपाच्या बॅटरीवर तुमच्या एकाही मेळाव्यात मी दोन वाक्यं ऐकली नाहीत. "तो आमचा विषय नाही" म्हणू नका. शेतकऱ्याच्या पाठीवर जे बांधलंय तो तुमचा विषय आहे.

दुसऱ्या बाजूला गावात एक टोळी आहे, "लिथियम म्हणजे बॉम्ब, नकोच." त्यांनाही माझा विरोध आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात नव्या स्कूटरना आगी लागल्या, देशभर गाजलं. त्यानंतर सरकारने नंबरप्लेटच्या गाड्यांच्या बॅटरीची एआयएस-१५६ चाचणी कडक केली, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. म्हणजे वस्तू सुरक्षित करता येते, फक्त कुणीतरी मागणी करावी लागते. आपल्या या जुन्या गाड्यांत गल्लीत बनवलेले डबे जातात, तिथं ती मागणी करणारं कोण आहे? आपणच. गॅसची टाकी पण बॉम्बच आहे. आपण तिचं सील बघतो, वॉशर बघतो, आणि मगच चहा ठेवतो.

मी दुसरी बॅटरी घेतली ती डिसेंबर २०२२ मध्ये. एलएफपी, १६ सेल सिरीजमध्ये, २४ एएच, चार्जरसह २१,५०० रुपये, पक्कं बिल. या वेळी मी विकणाऱ्यासमोर खालचा कागद ठेवला. तुम्हीही ठेवा.

१. जात कुठली? एलएफपी की एनएमसी. "लिथियम" हे उत्तर नाही. "खत" म्हटल्यासारखं झालं ते. आपल्या उन्हात आणि पत्र्याच्या शेडमध्ये एलएफपी घ्या. ती जड आहे, पण तापली तर एनएमसीइतकी लवकर पेटत नाही, आणि नीट वापरली तर जास्त चालते.

२. सेल सिरीजमध्ये किती, आणि पूर्ण चार्जला व्होल्ट किती? १६ एलएफपी तर ५८.४. १३ एनएमसी तर ५४.६. हा आकडा बिलावर पाहिजे.

३. चार्जरवर तोच आकडा छापलेला आहे का? नसेल तर व्यवहार तिथंच संपला. जुना चार्जर घरात ठेवूच नका, कुणीतरी सवयीने लावतोच.

४. बीएमएस किती अँपिअरचा? गाडीच्या कंट्रोलरवर अँपिअर लिहिलेले असतात, त्यापेक्षा जास्त पाहिजे. तापमानाचा सेन्सर आहे का ते विचारा. आणि चार्जिंगची वायर बीएमएसमधूनच जाते का, हे डबा बंद करायच्या आधी डोळ्यांनी बघा.

५. वजन किती? हा आपला हुकमी एक्का आहे. ६ एएचचा जाडा एलएफपी सेल, ज्याला ३२७०० म्हणतात, तो १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. २४ एएचला असे ६४ लागतात, म्हणजे नुसते सेलच ९ किलो. पेटी, वायरी धरून दहा-अकराच्या खाली येऊच शकत नाही. माझी ११ किलो भरली. तो पहिला "३० एएच"चा डबा? काट्यावर ६ किलो ४०० ग्रॅम. एनएमसी हलकी असते हे धरलं तरी नेहमीच्या स्वस्त सेलचा ३० एएचचा डबा एवढा हलका भरणं संशयास्पद आहे. स्टिकर खोटं बोलतं, काटा बोलत नाही. आपण कापूस-सोयाबीन विकताना काट्यावरून भांडतो, मग घेताना काटा का विसरतो?

६. तारीख, गॅरंटी आणि मेल्यावर परत कोण घेणार? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत ही जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलेली आहे. बनवणाऱ्याचं नावच डब्यावर नसेल तर जबाबदार धरणार कुणाला?

गाडीत काय बदललं? फारसं काही नाही. कंट्रोलर तोच, मोटर तीच. ॲसिडचा सेट २८ किलोचा होता, त्या जागी ११ किलो आलं. मोकळ्या जागेत रबराची जाड पट्टी घट्ट बसवली, कारण मळ्याच्या रस्त्याला डबा आत आपटला तर वेल्डिंग सुटतात. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज टाकला. काट्याचा इंडिकेटर आता कामाचा राहिला नाही. एलएफपीचा व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो, म्हणून काटा फुल-फुल दाखवतो आणि एकदम पडतो. मी किलोमीटर बघून चार्ज करतो. चार तासांत भरते. दिवसा, डोळ्यांसमोर, पडवीबाहेर. आणि उन्हातून आल्या आल्या लावत नाही, तासभर सावलीत गार होऊ देतो.

काही मेकॅनिक म्हणतील, "४८ काढून ६० ची टाकू, पळेल." नको. एक तर ४८ चा कंट्रोलर जळतो. दुसरं, मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग २५ च्या आत, म्हणूनच या गाडीला नंबर आणि लायसन लागत नाही. वेग वाढवला की ती बिनपासिंगची मोटारसायकल झाली. अपघात झाला तर सगळं तुमच्या गळ्यात. आणि ज्यांची गाडी नंबरप्लेटची आहे त्यांनी असले प्रयोग करूच नयेत. नोंदणीच्या गाडीतल्या बदलाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

पैशाचा हिशोब खरा सांगतो, फुगवून नाही. ॲसिडचा सेट १०,५०० ला घेतला, भंगारात २,००० आले, चालला ७,००० किलोमीटर. किलोमीटरला १ रुपया २१ पैसे. लिथियम २१,५०० ची, आतापर्यंत १३,००० किलोमीटर. म्हणजे १ रुपया ६५ पैसे. अजून फिटलेली नाही. १७-१८ हजारांवर बरोबरी होईल. पण ४५ किलोमीटर जायची ती आज ४२ जाते. मरणाचं लक्षण नाही. जो सांगतो "सहा महिन्यांत पैसे वसूल" त्याला विचारा, कुठल्या वहीत?

ॲसिडच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला पाहिजे. मेल्यावर तिला किंमत आहे, परत घेणारा आहे. लिथियमला आमच्या तालुक्यात अजून भंगारवाला हात लावत नाही. आणि हो, ॲसिडची जुनी बॅटरी घरी फोडून ॲसिड बांधावर ओतणारे महाभाग आहेत. शिसं जमिनीतून जात नाही बाबांनो. माती परीक्षणाला हजार रुपये घालता आणि बांधावर शिसं ओतता?

तर एवढंच. भांडण लिथियमशी नाही, बिनलेबलच्या डब्याशी आहे. बिनटॅगचं बियाणं आपण पेरत नाही. बिनआकड्याची बॅटरी आईच्या खाटेशेजारी चार्जिंगला लावू नका. वरचे सहा प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवा. जो दुकानदार उत्तरं बिलावर लिहून देईल त्याला दोन हजार जास्त द्या. जो "डोळे झाकून न्या" म्हणेल, त्याच्याकडून डोळे उघडे ठेवून परत या.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. घरातल्या पंपाचा चार्जर उलटा करा, त्यावरचा आकडा वाचा, बॅटरीवरचा आकडा वाचा. जुळत नसतील, किंवा आकडाच नसेल, तर आज रात्री तो लावू नका.

पटलं तर चार जणांना वाचून दाखवा.